गिटच्या टेस्ट फेल झाल्या तर आधी काय पाहायचं?

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास सांभाळणारं साधन. त्याच्याच कोडमध्ये हातभार लावायचा म्हणून गिटचा सोर्स क्लोन केला, ‘मेक’ दिलं, बिल्ड नीट झालं. मग ‘मेक टेस्ट’ दिलं. बराच वेळ ओळी सरकत राहिल्या आणि अचानक कुठली तरी स्क्रिप्ट फेल झाली म्हणून सगळं थांबलं. अजून कोडच्या एका ओळीलाही हात लावलेला नाही! नवे लोक बहुतेक इथेच गळतात. काही जण आपल्याला हे जमणार नाही म्हणून सोडून देतात. काही जण त्याच स्क्रिप्टचा कोड उघडून तासन्‌तास बघत बसतात, आणि दुसरा प्रकार मला जास्त घातक वाटतो.

टेस्ट फेल झाली की तीन संशयित असतात: तुमचा बदल, तुम्ही जिच्यावर काम करताय ती ब्रँच आणि तुमचं मशीन. पहिल्यावर संशय सगळ्यात आधी जातो, पण तपासायला तो सगळ्यात महाग. म्हणून क्रम उलटा ठेवायचा. ब्रँच आणि मशीन यांना आधी मोकळं करायचं, मग स्वतःच्या कोडकडे वळायचं.

एक सूचना. या लेखात आज्ञा आणि फायलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत द्यायची.

टेस्ट असतात कुठे

सोर्सच्या मुळाशी ‘टी’ नावाची डिरेक्टरी आहे. हजाराच्या आसपास शेल स्क्रिप्ट तिथे आहेत. प्रत्येकीच्या नावात ‘टी’नंतर चार आकडे, मग आज्ञेचं नाव: टी०००१-इनिट, टी३२००-ब्रँच, अशी. पहिल्या आकड्यावरून भाग कळतो. ० म्हणजे अगदी पायाभूत गोष्टी, १ म्हणजे ऑब्जेक्ट डेटाबेस, ४ म्हणजे डिफ, ५ म्हणजे फेच-पुश वगैरे देवाणघेवाण, ७ म्हणजे वर्किंग ट्रीवर चालणाऱ्या रोजच्या वापरातल्या आज्ञा. त्याच डिरेक्टरीत ‘रीडमी’ फाइल आहे. ती लांबलचक आहे, पण टेस्टबद्दलचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

प्रत्येक स्क्रिप्ट सुरुवातीला ‘टेस्ट-लिब.एसएच’ ओढून घेते. ही फाइल तुमचं वातावरण पुसून स्वतःचं मांडते. होम डिरेक्टरी बदलते, भाषा ‘सी’ लोकेलवर आणते, टाइमझोन यूटीसी करते आणि लेखकाचं नाव ‘ए यू थॉर’ ठेवते (म्हणजे ‘ऑथर’; हा विनोद २००५ पासून चालत आलाय). त्यामुळे ‘माझ्या गिटकॉन्फिगमुळे टेस्ट फेल होत असेल’ ही शंका बहुतेक वेळा खोटी ठरते. प्रत्येक स्क्रिप्ट स्वतःच्या ‘ट्रॅश डिरेक्टरी’त काम करते. त्या नावातली मोकळी जागा मुद्दाम ठेवलेली आहे. कोणी पाथभोवती अवतरणचिन्हं द्यायला विसरलं की तिथेच अडकतं.

आधी पाया तपासा

तुमचा बदल बाजूला ठेवून तीच स्क्रिप्ट चालवून बघा. त्यासाठी ‘गिट स्टॅश’ करण्यापेक्षा वेगळी वर्कट्री, म्हणजे त्याच रेपोची दुसरी कामाची डिरेक्टरी बरी: ‘गिट वर्कट्री ॲड ../गिट-मूळ ओरिजिन/मास्टर’. तिथे वेगळं बिल्ड करा आणि तीच स्क्रिप्ट तिथे चालवा. तिथेही फेल झाली तर तुमचा बदल सुटला. राहिले ब्रँच आणि मशीन.

ब्रँच कोणती धरलीय, तेही पाहा. गिटमध्ये ‘मेंट’, ‘मास्टर’, ‘नेक्स्ट’ आणि ‘सीन’ अशा ब्रँच असतात. ‘सीन’मध्ये अजून चर्चेत असलेले पॅच एकत्र केलेले असतात आणि ती वारंवार नव्याने बांधली जाते. ती कधी तुटलेली असली तर नवल नाही. नवं काम साधारणपणे ‘मास्टर’वर उभारायचं.

आता माझी एक फजिती. एका संध्याकाळी सी फाइलमध्ये दुरुस्ती केली, ‘टी’ डिरेक्टरीत गेलो आणि स्क्रिप्ट थेट चालवली. फेल. दुरुस्ती बदलली. पुन्हा फेल, तीही अक्षर-अक्षर तशीच. दीड तासाने लक्षात आलं की मधे ‘मेक’ दिलंच नव्हतं. स्क्रिप्ट थेट चालवली की ती बिल्ड करत नाही, आधीचीच बायनरी वापरते. तेव्हापासून दोन्ही आज्ञा एकाच ओळीत जोडून देतो: आधी वरच्या डिरेक्टरीत ‘मेक’, मग ‘&&’, मग स्क्रिप्ट. बदल करूनही आउटपुट तसूभर हललं नाही, तर पहिला संशय यावर घ्या.

सगळं नको, एकच स्क्रिप्ट

साधं ‘मेक टेस्ट’ पहिली स्क्रिप्ट फेल होताच थांबतं, त्यामुळे पुढे आणखी किती पडल्यात ते कळत नाही. ‘मेक -के टेस्ट’ दिलं तर शेवटपर्यंत जातं. त्याहून सोयीचं म्हणजे पर्लसोबत येणारं ‘प्रूव्ह’. ‘डिफॉल्ट_टेस्ट_टार्गेट=प्रूव्ह’ असं मेकला सांगितलं की ते सगळ्या स्क्रिप्ट चालवतं आणि शेवटी पडलेल्यांची यादी देतं. समांतर चालवायच्या असतील तर ‘गिट_प्रूव्ह_ऑप्ट्स’मध्ये ‘--जॉब्स’ आणि आकडा द्या. तिथेच ‘--स्टेट=फेल्ड,सेव्ह’ ठेवलं तर पुढच्या वेळी पडलेल्या स्क्रिप्ट सगळ्यात आधी चालतात.

यादी हाती आली की पूर्ण संच विसरा. ‘टी’ डिरेक्टरीत जाऊन एकच स्क्रिप्ट घ्या:

./टी३२००-ब्रँच.एसएच -व्ही -आय -एक्स

‘-व्ही’ने प्रत्येक टेस्टचं आउटपुट दिसतं. ‘-आय’ने पहिल्या अपयशावर स्क्रिप्ट थांबते, आणि नंतरची साफसफाईही होत नाही. त्यामुळे घटनास्थळ जसंच्या तसं राहतं. ‘-एक्स’ने शेल जी जी आज्ञा चालवतो ती ‘+’ चिन्हासह छापली जाते. हे तीन पर्याय एकत्र देण्याची सवयच लावून घ्या.

स्क्रिप्टमधल्या ठरावीक टेस्टच हव्या असतील तर ‘--रन’ आहे. ‘--रन=१-४,७’ असे आकडे चालतात, टेस्टच्या वर्णनातला शब्दही चालतो. पण जपून! एका स्क्रिप्टमधल्या टेस्ट एकमेकींवर अवलंबून असतात. पहिल्या एक-दोन टेस्ट रेपो तयार करतात, कमिट घालतात, आणि पुढच्या टेस्ट ते गृहीत धरतात. सेटअप वगळून सातवी टेस्ट एकटी चालवली आणि ती पडली, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

आउटपुट कसं वाचायचं

आउटपुट ‘टॅप’ नावाच्या साध्या पद्धतीत असतं. ‘ओके ६’ म्हणजे सहावी पास, ‘नॉट ओके ७’ म्हणजे सातवी पडली. पण ‘नॉट ओके’ दिसलं की लगेच घाबरायचं नाही. शेवटी ‘टूडू नोन ब्रेकेज’ लिहिलेलं असेल, तर तो आधीपासून माहीत असलेला, अजून न सुटलेला दोष आहे. तो ‘टेस्ट_एक्स्पेक्ट_फेल्युअर’ने नोंदवलेला असतो आणि अपयशात धरला जात नाही. उलट तिथे ‘व्हॅनिश्ड’ असा शब्द आला, तर तुमच्या बदलामुळे तो जुना दोष कदाचित सुटलाय. मग ती टेस्ट ‘टेस्ट_एक्स्पेक्ट_सक्सेस’ करून पॅचमध्ये घालायची.

‘स्किप’ लिहिलेल्या ओळींकडेही बघा. शेजारी कारण असतं: सिमलिंक नाहीत, जीपीजी नाही, पर्लशिवाय बिल्ड केलंय, असं काही. तुमच्याकडे गाळली गेलेली टेस्ट दुसऱ्याच्या मशीनवर चालते आणि तिथे पडू शकते. ‘माझ्याकडे तर सगळं पास होतं’ या वाक्यामागे पुष्कळदा गाळलेल्या टेस्टच असतात.

खरं अपयश शोधायचं तर ‘-एक्स’च्या आउटपुटमध्ये ‘एरर: लास्ट कमांड एक्झिटेड विथ’ अशी ओळ गाठा आणि तिथून वर सरका. तिच्या लगेच वरची ‘+’वाली आज्ञा म्हणजे जिथे गाडी अडली ती जागा. बऱ्याचदा ती ‘टेस्ट_कंप एक्स्पेक्ट ॲक्च्युअल’ असते आणि तिच्यापाठोपाठ डिफ छापलेला असतो. त्यात वजा चिन्हाच्या ओळी टेस्टला हव्या होत्या, अधिक चिन्हाच्या ओळी गिटने दिल्या. हे उलटं धरून मी एकदा बरोबर असलेला कोड ‘दुरुस्त’ करायला निघालो होतो.

घटनास्थळी जाऊन बघा

स्क्रिप्ट फेल झाली की तिची ट्रॅश डिरेक्टरी मागे राहते, ‘ट्रॅश डिरेक्टरी.टी३२००-ब्रँच’ अशा नावाने. आत गेलात की खराखुरा रेपो सापडतो. ‘एक्स्पेक्ट’ आणि ‘ॲक्च्युअल’ फायली तिथेच पडलेल्या असतात. पास झालेल्या स्क्रिप्टची डिरेक्टरी पुसली जाते. तीही ठेवायची असेल तर ‘-डी’ द्या.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात जवळजवळ प्रत्येक नवा माणूस पडतो. त्या डिरेक्टरीत जाऊन नुसतं ‘गिट स्टेटस’ दिलं, तर चालतो तो तुमच्या सिस्टीमवर इन्स्टॉल केलेला गिट. तुम्ही बांधलेला तो नव्हे! शिवाय होम डिरेक्टरी तुमची, कॉन्फिग तुमचं. मग ‘हाताने केलं की चालतं, टेस्टमध्ये मात्र पडतं’ असं कोडं उभं राहतं. बांधलेला गिट हवा असेल तर सोर्सच्या मुळाशी असलेल्या ‘बिन-रॅपर्स’ डिरेक्टरीतला ‘गिट’ पूर्ण पाथ देऊन चालवा. तो इन्स्टॉल न करताही नीट चालावा म्हणूनच ती डिरेक्टरी आहे.

याहून चोख उपाय म्हणजे ‘टेस्ट_पॉज’. संशयास्पद ओळीच्या आधी हा शब्द टेस्टमध्ये लिहा आणि स्क्रिप्ट ‘-व्ही’सह चालवा. त्या जागी आल्यावर ती थांबते आणि तुम्हाला एक शेल मिळतो: टेस्टचंच वातावरण, तोच गिट, तोच रेपो. हवं तेवढं उचकून बघा, शेलमधून बाहेर पडलात की टेस्ट पुढे चालू होते. सी कोडमध्ये शिरायचं असेल तर टेस्टमधल्या गिटच्या आज्ञेआधी ‘डीबग’ लिहा, डीबगर उघडतो. हे दोन्ही शब्द पॅच पाठवण्याआधी काढायचे असतात, हे सांगायला नको, तरी सांगतो.

मशीनचा दोष

मूळ ‘मास्टर’वरही टेस्ट पडते आणि इतरांकडे पडत नाही, असं झालं की आपलं मशीन तपासायचं.

कंटेनरमध्ये काम करत असाल तर आधी बघा, तुम्ही रूट म्हणून चालवताय का. रूटला परवानगी नसलेली फाइलही वाचता-लिहिता येते. त्यामुळे ‘इथे परवानगी नाकारली जायला हवी’ असं तपासणाऱ्या टेस्टचा अर्थच उरत नाही. गिटमध्ये यासाठी ‘सॅनिटी’ नावाची पूर्वअट आहे आणि रूट असताना अशा टेस्ट गाळल्या जातात. पण नव्या टेस्टवर ती अट लावायची राहून गेली असेल, तर ती तुमच्याकडे पडेल. साधा वापरकर्ता तयार करून पुन्हा चालवणं हा दोन मिनिटांचा उपाय आहे.

मॅकवर फाइल सिस्टीम बहुधा मोठं-लहान अक्षर वेगळं मानत नाही. ‘रीडमी’ नाव मोठ्या अक्षरांत आणि लहान अक्षरांत लिहून दोन फायली करणारी टेस्ट तिथे कोसळते. मॅकवर ‘डब्ल्यूसी -एल’ आकड्याआधी मोकळ्या जागा सोडतं, त्यामुळे त्याचं उत्तर मजकूर म्हणून जुळवून पाहणारी टेस्ट लिनक्सवर पास आणि मॅकवर फेल. म्हणून ओळी मोजायला ‘टेस्ट_लाइन_काउंट’ वापरतात. ‘सेड -आय’ही दोन्हीकडे वेगळं वागतं.

शेलचं प्रकरण याहून निसरडं. या स्क्रिप्ट ‘एसएच’वर चालायला हव्यात, बॅशवर नव्हे. डेबियन आणि उबुंटूवर ‘एसएच’ म्हणजे डॅश. बॅशमधले ॲरे तिथे नाहीत. ‘लोकल’ने व्हेरिएबलला किंमत देताना अवतरणचिन्हं गाळली, तर मोकळी जागा असलेली किंमत तुटू शकते. फेडोरावर ‘एसएच’ म्हणजे बॅशच, त्यामुळे तिथे बसून लिहिणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

कधी पास, कधी फेल

एकदा पडली, पुन्हा चालवली तर पास, अशी टेस्ट ‘असू दे’ म्हणून सोडायचा मोह होतो. सोडू नका, निदान आपल्या बदलाच्या जवळची तरी. ‘--स्ट्रेस’ पर्याय यासाठीच आहे. तो एकच स्क्रिप्ट समांतर अनेक प्रतींत, एखादी पडेपर्यंत पुन्हा पुन्हा चालवतो. प्रतींची संख्या दिली नाही तर प्रोसेसरच्या दुप्पट धरतो. पडलेल्या प्रतीची ट्रॅश डिरेक्टरी ‘.स्ट्रेस-फेल्ड’ असं शेपूट लावून राखून ठेवतो. मूळ ‘मास्टर’च्या वर्कट्रीत तेवढाच वेळ ‘--स्ट्रेस’ चालवा. तिथेही पडली तर ती आधीपासूनच डळमळीत होती.

डळमळण्याचं एक जुनं कारण म्हणजे वेळ. फाइल बदलली की नाही हे गिट आधी तिची वेळ आणि आकार इंडेक्समधल्या (पुढच्या कमिटसाठी गिट ठेवतो त्या यादीतल्या) नोंदीशी ताडून ठरवतो. एकाच क्षणात इंडेक्स लिहिला गेला आणि आकार न बदलता फाइलही बदलली, तर नुसत्या वेळेवरून फरक कळत नाही. गिट यासाठी जास्तीची काळजी घेतो. पण टेस्टने स्वतःच वेळेवर भिस्त ठेवली असेल, तर जलद मशीनवर ती घसरते. कमिटच्या तारखा घड्याळावर सोडायच्या नसतात. त्यासाठी ‘टेस्ट_टिक’ आहे, आणि ‘टेस्ट_कमिट’ तो स्वतःच वापरतो.

हॅश, म्हणजे कमिटची ओळख सांगणारी लांब अक्षरमाला, हाही तसाच फसवतो. एसएचए-१चा हॅश ४० अक्षरांचा, एसएचए-२५६चा ६४ अक्षरांचा. टेस्टमध्ये हॅश थेट लिहून ठेवला असेल, तर ‘गिट_टेस्ट_डिफॉल्ट_हॅश=एसएचए२५६’ लावल्यावर ती पडणारच. हॅश लिहायचा नाही, ‘गिट रेव्ह-पार्स’ला विचारायचा.

दोष आपलाच निघाला तर

ब्रँच सुटली, मशीन सुटलं. आता आपला कोड.

इथे सगळ्यात वाईट सवय म्हणजे ‘एक्स्पेक्ट’ फाइल बदलून टेस्ट पास करून घेणं. कधी ते योग्यही असतं, कारण तुम्ही संदेशाचा मजकूर मुद्दाम बदललेला असतो. पण त्याआधी ती टेस्ट का आली ते वाचा. टेस्टच्या ओळींवर ‘गिट ब्लेम’ किंवा ‘गिट लॉग -एस’ (मोठा ‘एस’) चालवलं की ती आणणारी कमिट सापडते. गिटमधले कमिट संदेश दीर्घ आणि तपशीलवार असतात, कारण ते लिहावेच लागतात. त्यात बहुतेकदा सापडतं की अमुक प्रसंगी वापरकर्त्याचं काम हरवत होतं, म्हणून ही टेस्ट लिहिली. मग ‘एक्स्पेक्ट’ला हात लावायचं धाडस आपोआप कमी होतं.

पॅच अनेक कमिटचा असेल तर फक्त शेवटची कमिट पास होऊन भागत नाही, मधली प्रत्येक कमिट पास व्हायला हवी. ‘गिट रीबेस -एक्स’ला बिल्ड आणि स्क्रिप्टची आज्ञा द्या. तो प्रत्येक कमिटवर ती चालवतो आणि जिथे पडेल तिथे थांबतो.

आधी पास होणारी टेस्ट ‘मास्टर’मध्ये कधीपासून पडू लागली हे शोधायचं असेल तर ‘गिट बायसेक्ट रन’. चांगली आणि वाईट कमिट यांच्यामधला टप्पा निम्मा निम्मा करत तो दोषी कमिट शोधतो. त्याला द्यायच्या छोट्या स्क्रिप्टमध्ये बिल्डच झालं नाही तर १२५ परत करा, म्हणजे ती कमिट तो वगळतो. ० म्हणजे चांगली, १२५ सोडून १ ते १२७ मधला कोणताही आकडा म्हणजे वाईट. आणखी एक मेख आहे. बायसेक्ट मागे गेला की टेस्ट स्क्रिप्टही जुनी होते. म्हणून आजच्या स्क्रिप्टची प्रत ‘टी’ डिरेक्टरीतच वेगळ्या नावाने, ट्रॅक न केलेली ठेवा आणि ती चालवा.

स्वतः लिहिलेली टेस्ट पडत असेल तर चुका ठरलेल्या असतात. नवी स्क्रिप्ट एक्झिक्युटेबल केलेली नाही. दोन ओळींमधलं ‘&&’ राहिलंय, त्यामुळे मधली आज्ञा पडली तरी कोणाला कळत नाही. हे दोन्ही गिटची स्वतःची तपासणी पकडते आणि ‘&&’ची साखळी तुटल्याचं स्पष्ट सांगते. ती न पकडणारी चूक म्हणजे ‘गिट’ला पाइपच्या डाव्या बाजूला ठेवणं. पाइपचा निकाल शेवटच्या आज्ञेचा असतो. डावीकडे गिट कोसळला तरी टेस्ट पास! आउटपुट आधी फाइलमध्ये घ्या, मग तपासा. गिट अपयशी व्हायलाच हवा असेल तर ‘!’ऐवजी ‘टेस्ट_मस्ट_फेल’ वापरा. ‘!’ला सेगफॉल्टही (मेमरीच्या चुकीने प्रोग्राम कोसळणं) ‘अपयश’च वाटतो, ‘टेस्ट_मस्ट_फेल’ मात्र कोसळणं आणि नकार देणं यांतला फरक ओळखतं.

दुसऱ्याच्या मशीनवर

गिटहबवर स्वतःच्या फोर्कमध्ये (रेपोच्या स्वतःच्या प्रतीत) ब्रँच ढकलून तिथलं सीआय, म्हणजे आपोआप टेस्ट चालवणारी यंत्रणा, चालवलं, तर लिनक्स, मॅक आणि विंडोज तिन्हीकडे टेस्ट होतात. पडलेल्या टेस्टच्या ट्रॅश डिरेक्टऱ्या तिथून उतरवूनही घेता येतात. मॅक किंवा विंडोज नसलेल्याला तोच आधार. पण प्रत्येक फेरीला वेळ लागतो, म्हणून आपल्या मशीनवर जे पकडता येतं ते इथेच पकडा.

इतकं करूनही उलगडलं नाही तर विचारा. विचारताना स्क्रिप्टचा आकडा आणि टेस्टचा क्रमांक, कोणत्या कमिटवर बिल्ड केलं, कोणती सिस्टीम, ‘एसएच’ म्हणजे तुमच्याकडे कोणता शेल, आणि ‘-व्ही -आय -एक्स’चं आउटपुट मजकूर म्हणून द्या, स्क्रीनशॉट नको. मूळ ‘मास्टर’वर काय झालं तेही लिहा, कारण पहिला प्रतिप्रश्न तोच येतो. आणि दोष ‘मास्टर’चाच निघाला, तर त्याची दुरुस्ती स्वतःच्या पॅचमध्ये घुसडू नका. ती वेगळ्या पॅचने पाठवा.